हजेरीपत्रकापासून तासिकांच्या वाटपापर्यंत : माध्यमिक शाळेतली विविधता कशी सांभाळावी

तालुक्याच्या गावातली, मराठी माध्यमाची, अनुदानित, पाचवी ते दहावीची शाळा डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. एका तुकडीत साठेक मुले. कोणी वाडीवरून सायकलने येतो, कोणी वसतिगृहात राहतो, कोणाच्या घरी पावरी किंवा कन्नड बोलतात, कोणी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर जाणार आहे, कोणाला डाव्या कानाने कमी ऐकू येते. शिक्षकखोलीतही तेच. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून तीन जिल्हे ओलांडून आलेले शिक्षणसेवक (मानधनावरचे नवे शिक्षक), याच शाळेत तीस वर्षे काढलेले ज्येष्ठ शिक्षक, घड्याळी तासिकेवरची तरुण मुले, दुसऱ्या शाळेत अतिरिक्त ठरून समायोजनातून आलेल्या बाई.

अशा शाळेत वेशभूषा दिन आणि भिंतीवरचा फलक यांनी फार काही हलत नाही. कोणाचे नाव कोणत्या वहीत कसे लिहिले जाते, बाकावर कोण कुठे बसतो, कोणते काम दरवर्षी त्याच माणसाच्या वाट्याला येते, इथे शाळा न्याय्य होते किंवा होत नाही. म्हणून कामाला सुरुवात कागदांपासून करा.

जून : पहिल्या दोन आठवड्यांची वही

प्रत्येक वर्गशिक्षकाला एक साधी दोनशेपानी वही द्या. एका मुलाला एक पान. ही वही वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक या दोघांनीच पाहायची. कपाटाला कुलूप असू द्या, कारण तिच्यातली माहिती शिक्षकखोलीत मोठ्याने वाचली गेली तर पुढच्या वर्षी एकही मूल खरे सांगणार नाही.

एका मुलाशी पाच मिनिटे बोलायचे, तर साठ मुलांना पाच तास लागतात. रोज सहा मुले घेतली की दहा दिवसांत तुकडी पूर्ण होते. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात, एकेकट्याशी बोला. वर्गात उभे करून विचारू नका.

प्रश्न कसा विचारता यावर उत्तराचा खरेपणा ठरतो. 'तुझी मातृभाषा कोणती?' असे विचारले की बहुतेक मुले 'मराठी' म्हणतात, कारण शाळेत तेच चालते हे त्यांना ठाऊक असते. 'घरी आजीशी कसं बोलतोस, एक वाक्य बोलून दाखव' म्हणा, खरी भाषा लगेच कळते. 'वडील काय करतात?' याऐवजी 'संध्याकाळी घरी दिवा लागल्यावर कोण कोण असतं?' हे विचारा. मूल आजीकडे राहते का, धाकट्या भावंडांना तीच सांभाळते का, अभ्यासाला जागा आहे का, हे सगळे त्यात येते. पुढचे प्रश्न असे : शाळेत यायला किती वेळ लागतो आणि पावसाळ्यात ओढा आडवा येतो का? दिवाळीनंतर गाव सोडणार का? फळ्यावरचे शेवटच्या बाकावरून दिसते का? घरी शाळेची चिठ्ठी कोण वाचतो?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'कोणी नाही' असे असेल तर त्या पानावर खूण करा. त्या घरी सूचना कागदावर पाठवून उपयोग नाही. फोन करावा लागेल, किंवा त्या वस्तीवरच्या मोठ्या विद्यार्थ्याकडून तोंडी निरोप द्यावा लागेल.

जातीची नोंद : कुठे अचूक, कुठे अजिबात नको

जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीत, जात आणि पोटजात अक्षरशः पालकांच्या कागदपत्राप्रमाणेच लिहा. 'ठाकर' आणि 'ठाकूर' यांतला एका उकाराचा फरक त्या मुलाला पुढे जात पडताळणी समितीपुढे वर्षानुवर्षे हेलपाटे घालायला लावू शकतो, आणि मूल शाळा सोडून गेले की रजिस्टरमधली नोंद दुरुस्त करणे फार अवघड होते. म्हणून आठवीतच प्रत्येक मुलाच्या नोंदीची छायाप्रत पालकांना दाखवा, वाचून दाखवा, सही किंवा अंगठा घ्या. नववीच्या शेवटी पुन्हा एकदा दाखवा. लिपिकाचे हे दोन दिवसांचे काम आहे आणि त्याचे मोल कुटुंबाला पिढीभर पुरते.

रजिस्टरच्या बाहेर मात्र जात कुठेच दिसू नये. छापील हजेरीपत्रकात प्रवर्गाचा रकाना असेल तर संख्या लिपिकाने एकदाच जनरल रजिस्टरवरून काढून स्वतंत्र तक्त्यात ठेवावी. रोजच्या पानावर लाल शाईच्या खुणा नकोत. हजेरी क्रमांक आडनावाच्या अक्षरक्रमाने द्या, प्रवर्गाचे गट पाडून देऊ नका.

सर्वांत जास्त इजा होते ती शिष्यवृत्तीच्या वेळी. 'ज्यांचे फॉर्म भरायचे आहेत त्यांनी उभे राहा' हे वाक्य वर्गात उच्चारले की चाळीस माना वळतात. याला सोपा उपाय आहे. प्रत्येक मुलाचा कुठला ना कुठला कागद बाकी असतोच : आधार दुरुस्ती, बँक खाते, उत्पन्नाचा दाखला, फोटो. 'कार्यालयीन कागदपत्रे' या एकाच नावाखाली वर्गातल्या सगळ्यांना हजेरी क्रमांकाने, रोज दहा जण, कार्यालयात बोलवा. ज्यांचा शिष्यवृत्तीचा अर्ज आहे त्यांचा तिथेच भरून घ्या. लाभार्थींची यादी सूचना फलकावर लावायचीच असेल तर फक्त हजेरी क्रमांक लिहा.

घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा

महाराष्ट्रात राज्य मंडळाची परीक्षा आठ माध्यमांतून देता येते, पण घरची भाषा मराठी नसलेली मुले फार मोठ्या संख्येने मराठी माध्यमात बसतात. धडगाव-अक्कलकुव्यात पावरी आणि भिलोरी, धारणी-चिखलदऱ्यात कोरकू, भामरागडात माडिया, तांड्यांवर गोरमाटी. अक्कलकोट आणि जतमध्ये घरी कन्नड, सिरोंचात तेलुगू. खानदेशात अहिराणी बोलणाऱ्या मुलाला मराठी 'येते' असे आपण धरून चालतो, तरी 'बाष्पीभवन' आणि 'समप्रमाण' त्यालाही परकेच असतात.

चूक सहसा अशी होते. मूल प्रश्नाला उत्तर देत नाही, शिक्षक दुसऱ्याकडे वळतात, महिनाभरात त्या मुलावर 'मठ्ठ' हा शेरा बसतो. प्रश्न समजून, मनात भाषांतर करून, उत्तर मराठीत बांधायला त्याला वेळ लागत असतो. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा आणि मगच पुढे जा. विषय कोणताही असो, ही सवय सर्व शिक्षकांनी लावून घ्यावी.

दुसरी गोष्ट, शब्दांची पाटी. प्रत्येक पाठातले पंधरा कठीण शब्द शिक्षकाने आधीच निवडावेत. रोज पाच शब्द फळ्याच्या डाव्या कडेला तीन रकान्यांत लिहावेत : पुस्तकातला शब्द, सोपा मराठी शब्द, आणि तिसरा रकाना रिकामा. तिसरा रकाना मुले भरतात, आपापल्या भाषेत. शिक्षकाला ती भाषा येण्याची गरज नाही. ज्या मुलाने वर्षभर तोंड उघडलेले नसते तो 'सर, आमच्यात याला असं म्हणतात' म्हणत उठतो, आणि त्या क्षणी वर्गातले त्याचे स्थान बदलते. या रकान्यासाठी पाच मिनिटे गेली तरी ती भरून निघतात.

दोन्ही भाषा येणाऱ्या मुलाला शेजारी बसवणे चांगले, पण त्याला कायमचा दुभाषा करू नका. दर पंधरवड्याला जोडी बदला. नाहीतर मदत करणाऱ्याचाच अभ्यास मागे पडतो आणि पालक तक्रार घेऊन येतात, ती रास्तही असते.

'ण' ला 'न' आणि 'ळ' ला 'ल' म्हणणाऱ्या मुलाला बोलता बोलता मध्येच थांबवू नका. वाक्य पूर्ण होऊ द्या, मग तुम्ही तेच वाक्य प्रमाण मराठीत सहज बोला. भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेलाही दहावीत गुण असतात, आणि तिथे बोलीच्या हेलाचे गुण कापले जातात असे अनेकदा दिसते. सत्राच्या सुरुवातीलाच भाषा शिक्षकांची बैठक घेऊन ठरवा : गुण आशय, प्रवाह आणि समजेचे, हेलाचे नाहीत.

अर्थात बोर्डाची लेखी उत्तरपत्रिका माध्यमाच्या भाषेतच लिहायची असते, आणि ते नववीपासूनच हाताशी यायला हवे. एक क्रम चांगला चालतो. जून ते सप्टेंबर, उत्तर आधी घरच्या भाषेत तोंडी, मग सगळ्यांनी मिळून मराठीत. ऑक्टोबर ते डिसेंबर, फळ्यावर अर्धे वाक्य दिलेले, उरलेले मुलांनी लिहायचे. जानेवारीपासून स्वतःचे पूर्ण उत्तर. पहिला टप्पा गाळून थेट लिहायला लावले की मुले गाइडमधले उत्तर पाठ करतात आणि प्रश्न जरा फिरवला की कोरी पाने सोडतात.

दिव्यांग विद्यार्थी : दहावीपर्यंत थांबू नका

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आणि अध्ययन अक्षमता त्यांपैकी एक. परीक्षेच्या सवलती प्रमाणपत्रावर अवलंबून असतात आणि ते मिळायला वेळ लागतो : चाचण्या, पुन्हा तारीख, बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ. दहावीचे आवेदनपत्र दिवाळीच्या आसपास भरले जाते. त्या वेळी धावपळ सुरू केली तर मूल सवलतीविना परीक्षेला बसते. शंका आठवीत आली तर आठवीतच पालकांना बोलवा. ओळख अशी : तोंडी उत्तर नीट, लेखी गोंधळलेले, अक्षरे उलटी, वाचताना ओळ चुकते, आकडे फिरतात. पालकांशी बोलताना 'कमी आहे' हा शब्द टाळा. वही उघडून तोंडी आणि लेखी उत्तरातला फरक दाखवा.

जादा वेळ तासाला २० मिनिटे मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक घ्यायचा तर तो खालच्या इयत्तेतला शोधा आणि नववीच्या सहामाहीपासूनच त्याच्याबरोबर किमान तीन पूर्ण पेपर सोडवून घ्या. दुसऱ्याला उत्तर सांगून लिहवून घेणे हे वेगळे कौशल्य आहे. विरामचिन्हे, आकृतीची नावे, गणिताच्या पायऱ्या, सगळे तोंडाने सांगावे लागते. सराव न झालेले मूल जादा वेळ मिळूनही पेपर अर्धवट सोडते.

वर्गातल्या गोष्टी स्वस्त आहेत. कमी ऐकू येणाऱ्याला दुसऱ्या बाकावर, चांगला कान शिक्षकाकडे येईल असे बसवा. शिक्षकाचा चेहरा उजेडात हवा आणि फळ्याकडे तोंड करून बोलणे बंद. कमी दिसणाऱ्याची प्रश्नपत्रिका मोठ्या टाइपात काढा किंवा मोठी करून झेरॉक्स करा. नकाशा आणि आलेखात नुसते रंग नकोत, रेषा आणि ठिपकेही वापरा. काही मुलांना लाल-हिरवा ओळखू येत नाही आणि त्यांना ते स्वतःलाही माहीत नसते. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १:१२ हवा. १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १ मीटर ८० सेंटिमीटर लांबी लागते, तीन पायऱ्यांना ५ मीटर ४० सेंटिमीटर. गवंडी नेहमी याच्या निम्म्यात उरकतो आणि मग कोणीतरी खुर्ची ढकलायला लागते. स्वतः टेप लावून मोजा.

वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर त्या एका मुलाला खालच्या ग्रंथालयात बसवू नका. अख्खी तुकडी खाली आणा.

दिवाळीनंतर गाव सोडणारी मुले

बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. पालघर-रायगडकडे वीटभट्टीचा हंगामही तसाच. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण आहे : वयानुरूप वर्गात प्रवेश, दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड. नववी-दहावीला हे छत्र नाही आणि गळती तिथेच होते. म्हणून नववी-दहावीच्या मुलांसाठी शाळेनेच पुढाकार घ्यावा लागतो.

दसऱ्याच्या आधी जूनच्या वहीतून यादी काढा. प्रत्येक पालकाशी बोला, मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतल्यानंतर बोलून फार उपयोग होत नाही. मूल मागे राहू शकेल का हा पहिला प्रश्न : आजी-आजोबांकडे, हंगामी वसतिगृहात, समाजकल्याणच्या वसतिगृहात. मुलीच्या बाबतीत पालकांची काळजी सुरक्षिततेची असते. ती फेटाळू नका. वसतिगृहाच्या अधीक्षिकेशी आईची प्रत्यक्ष भेट घालून द्या. जाणारच असेल तर कारखान्याचे नाव, गाव, मुकादमाचा आणि वडिलांचा फोन लिहून घ्या आणि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन करा. सोबत आठवड्यागणिक नेमलेले पाठ आणि सरावपत्रे असलेले पाकीट द्या. बोर्डाची ७५ टक्के उपस्थितीची अट पालकांना आकड्यांत समजावून सांगा. पटावरून नाव घाईने कमी करू नका.

स्थळ पाहणे सुरू झाल्याची कुणकुण लागली तर वाट पाहू नका. मुलीचे वय अठराच्या आत असेल तर गावचे ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

बाक, डबा, झाडू, परिपाठ

बाकांची जागा दर सोमवारी एक ओळ पुढे आणि एक रांग उजवीकडे सरकवा. मुलांवर सोडले तर एका आळीची मुले एकत्र बसतात आणि वर्षाअखेर वर्गात गावाचा नकाशा तयार होतो. वर्गस्वच्छता हजेरी क्रमांकाने, मुलगे-मुली दोघांनीही. स्वच्छतागृह मुलांकडून कधीच नाही. डब्यात काय आणायचे यावर शाळेने बंदी घालू नये. पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो, त्यामुळे नववी-दहावीत डबा न आणणारी मुले मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला दिसतात. वर्गशिक्षकांनी त्यांना हेरून ठेवावे.

परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, संविधानाची उद्देशिका सर्वांची. धार्मिक प्रार्थना किंवा पूजा असेल तर संविधानाच्या अनुच्छेद २८ प्रमाणे पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला त्यात भाग घ्यायला लावता येत नाही. घटक चाचण्यांचे वेळापत्रक जूनमध्येच कॅलेंडर समोर ठेवून लावा. ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. ९ ऑगस्टला आदिवासी दिन असतो. ६ डिसेंबरला अनेक मुले कुटुंबासह चैत्यभूमीला जातात, त्या आठवड्यात सहामाहीचे उरलेले पेपर ठेवू नका.

शिक्षक आणि कर्मचारी

मुलांसाठी एवढे केले आणि शिक्षकखोलीत जुन्या-नव्यांची, गावच्या-परगावच्यांची भिंत तशीच राहिली तर मुलांना ती दिसतेच.

पहिले काम : एका मोठ्या कागदावर शाळेतली पंचवीसेक कामे लिहा. परीक्षा प्रमुख, वेळापत्रक, सहल, शिष्यवृत्ती, पोषण आहार, स्नेहसंमेलन, पाहुण्यांचे स्वागत, रांगोळी, हिशेब, प्रयोगशाळा, शिस्त, बदली तासिका, निवडणूक व सर्वेक्षणाची कामे. पुढे मागच्या तीन वर्षांची नावे भरा. कागद स्वतःच बोलतो. स्वागत आणि रांगोळी दरवर्षी बाईंकडे, पैसा आणि परीक्षा सरांकडे. शेवटच्या तासिका आणि सर्वांत अवघड तुकडी शिक्षणसेवकाकडे. उर्दू नाव असलेल्या शिक्षकाकडे फक्त मुस्लिम मुलांच्या पालकांशी बोलण्याचे काम. स्वच्छतागृहाचे काम एकाच शिपायाकडे, आणि ते का, हे कोणी विचारत नाही. हा कागद पुढच्या वर्षीच्या वाटपाच्या सभेत सर्वांसमोर ठेवा आणि किमान एक तृतीयांश कामांची नावे बदला. नव्या माणसाला परीक्षा विभागात जुन्याचा सहायक म्हणून द्या, म्हणजे काम अडत नाही.

खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या १९८१ च्या नियमावलीतल्या अनुसूची 'फ'प्रमाणे सेवाज्येष्ठता यादी दरवर्षी प्रसिद्ध करून सह्या घ्या, हरकती लेखी घ्या आणि लेखी उत्तर द्या. पर्यवेक्षकपदाचे तंटे बहुतेक इथे साचलेल्या आळसातून येतात. बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंद) मागासवर्ग कक्षाकडून तपासून अद्ययावत ठेवा. 'कोण कोणत्या जागेवर आला' ही चर्चा शिक्षकखोलीत सुरू झाली तर मुख्याध्यापकांनी त्याच वेळी, स्पष्ट शब्दांत थांबवावी. गप्प राहणे ही संमती समजली जाते.

परजिल्ह्यातून आलेल्या शिक्षकाला पहिले तीन महिने एक स्थानिक सहकारी जोडून द्या : भाड्याची खोली, गावातली माणसे, मुलांच्या बोलीतले शब्द. नागपूरकडचे सर कोकणात आले की मुले त्यांच्या बोलण्याला हसतात. त्यांनाही वर्गात आपल्याकडचे शब्द सांगू द्या, वर सांगितलेल्या तिसऱ्या रकान्यात.

सभेत सर्वांत कनिष्ठ व्यक्तीला आधी बोलू द्या. ज्येष्ठ आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही सभेत खुर्ची हवी. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर फक्त शाळेचे काम, धार्मिक आणि राजकीय संदेश नाहीत, हा नियम पहिल्याच सभेत ठरवून इतिवृत्तात लिहा. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवीच : अध्यक्ष ज्येष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला नकोत, एक सदस्य बाहेरचा. नावे आणि फोन फलकावर लावा.

काही घडलेच तर

एखाद्या मुलाला जातीवरून, रंगावरून, बायकी चालीवरून, तोतरेपणावरून चिडवले गेले असे कळले की त्याच दिवशी दोघांना वेगवेगळे ऐका. नेमके शब्द लिहून घ्या, 'अपशब्द वापरले' असे मोघम नको. वर्गासमोर माफी मागायला लावू नका. त्यात ज्याला दुखावले त्याचीच पुन्हा शोभा होते. चिडवणाऱ्याचे पालक तीन दिवसांत, चिडवल्या गेलेल्या मुलाचे पालक आधी. तीन आठवड्यांनी त्या मुलाला एकट्याला पुन्हा विचारा, कारण पहिला आठवडा सगळे नीट वागतात.

शिक्षकाच्याच तोंडून असा शब्द गेला तर तोंडी समज देऊन सोडू नका, लेखी खुलासा घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारण्याइतकाच मानसिक छळही मना आहे. लैंगिक अत्याचाराची बाब असेल तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून गावातल्या चार प्रतिष्ठितांना बसवून समेट घडवण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना नाही.

सहामाहीनंतर आणि मार्चमध्ये

सहामाहीचा निकाल लागला की तो एकदा जूनच्या वहीशी लावून पाहा. नापासांत पाच किलोमीटरहून लांबून येणारे किती, घरी वेगळी भाषा असलेले किती? गणितात सगळे आणि भाषेत तेच ते मागे असतील तर उपाय वेगवेगळे लागतील. मग आणखी एक यादी : वर्गप्रतिनिधी, संघनायक, स्नेहसंमेलनातले सूत्रसंचालक, सहलीला गेलेले. त्यात कोणत्या वाड्यांची नावे एकदाही नाहीत? सहलीची वर्गणी भरता न आल्याने राहिलेली मुले सहसा 'घरी काम आहे' असे सांगतात. वर्गणी जुलैपासून दरमहा थोडी थोडी घेतली तर यांतली बरीच येतात.

मार्चमध्ये जुन्या वर्गशिक्षकाने नव्या वर्गशिक्षकाशी तुकडीमागे अर्धा तास बसून वही सोपवावी. कोणाला काय जमते, हे आधी सांगावे, अडचणी नंतर. घरातल्या भांडणाचे, दारूचे, आजारपणाचे जे खासगी तपशील पुढे लागणार नाहीत ती पाने फाडून जाळून टाकावीत, आणि नवी वही जूनमध्ये कोऱ्या पानापासून सुरू करावी.